आठवीनंतरची मधली सुट्टी

माण नदीच्या काठच्या दुष्काळी पट्ट्यात एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच आवारात भरतात. गेल्या सप्टेंबरमध्ये नववीतल्या एका मुलीची कंपासपेटी बाकावरून खाली पडली आणि उघडली. कर्कटक, कोनमापक, झिजलेली पेन्सिल, आणि त्यांच्यात निळ्या गोळ्या. मी गोळा करून मोजल्या. अकरा होत्या. काहींवरचा निळा थर पेटीतल्या टोकदार वस्तूंनी खरवडला गेला होता आणि आतला मळकट रंग दिसत होता.

या लोहाच्या गोळ्या. आमच्या शाळेत दर सोमवारी मुलांना देतात. जूनमध्ये शाळा भरल्यापासूनच्या जवळजवळ सगळ्या सोमवारच्या गोळ्या तिने गालात धरून, माझी पाठ वळली की काढून पेटीत टाकल्या होत्या. मी विचारलं, "का गं?" तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मॅडम, मळमळतं. उपाशीपोटी घेतली की उलटीच येते."

याच मुलीचा ऑगस्टमधल्या घटक चाचणीचा पेपर मी तपासला होता. लोहाच्या अभावाने कोणता विकार होतो, त्याची लक्षणे आणि लोह देणारे अन्नपदार्थ लिहा, असा प्रश्न होता. तिने रक्तक्षय लिहिलं होतं, थकवा लिहिला होता, धाप लागणं, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसणं, आणि पुढे ओळीने पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी, खजूर, गूळ. मी पूर्ण गुण दिले होते.

त्या दिवसापासून, 'किशोरवयीन मुलामुलींमध्ये पोषणाविषयी जागृती हवी' हे वाक्य मला निमूटपणे ऐकवत नाही. सप्टेंबर हा २०१८ पासून राष्ट्रीय पोषण महिना म्हणून पाळला जातो. त्याच आठवड्यात आमच्याकडे पोषणावरची भित्तिपत्रकं झाली, रांगोळी झाली, सगळ्यांनी हात पुढे करून पोषण शपथ घेतली. या मुलीनेही घेतली. तिच्या भित्तिपत्रकात पालकाची जुडी अगदी हुबेहूब काढलेली होती.

तिला माहिती नव्हती असं कसं म्हणायचं? तिला जेवण नव्हतं.

मी नीट चौकशी केली तेव्हा जे कळलं ते इतकं साधं होतं की वीस वर्षं याच शाळेत असून माझ्या कधी लक्षात आलं नाही याचं वाईट वाटलं. आई सकाळी सातला खुरपणीला जाते. मुलगी आजोबांना आणि लहान भावाला चहा देते, भाकरी थापते, स्वतः चहा-चपाती किंवा चहा-खारी खाऊन साडेनऊला घर सोडते. डबा आणत नाही. पहिलीपासून आठवीपर्यंत दुपारी शाळेत खिचडी मिळायची, त्यामुळे घरच्या हिशेबात तिची दुपारची भाकरी कधी धरलेलीच नव्हती. नववीत गेल्यावर ती धरायला हवी, हे घरात कोणाला सुचलं नाही आणि तीही बोलली नाही. दीडच्या मधल्या सुट्टीनंतर गोळी. ही गोळी जेवण झाल्यावर घ्यायची असते, रिकाम्या पोटी घेऊ नये, असं आम्हीच मुलांना वाचून दाखवतो. आणि ज्यांना जेवण मिळत नाही अशा नववी-दहावीच्या वर्गात जाऊन गोळ्या वाटतो.

शाळेतलं जेवण आठवीत थांबतं. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटत नाही. ते का थांबतं, याचं कारण शोधायला गेलं तर शरीराशी संबंधित एकही कारण सापडत नाही. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली ती प्राथमिक वर्गांसाठी. बरीच राज्यं तेव्हा नुसतं धान्य वाटायची. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, म्हणून ताटात गरम भात आला. पुढे २००८ च्या सुमारास सहावी ते आठवीचे वर्ग त्यात घेतले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला हक्काचं रूप दिलं, २०२१ मध्ये नाव बदलून पीएम पोषण झालं. या सगळ्या प्रवासात सीमा ठरली ती प्राथमिक शिक्षण कुठे संपतं यावरून. शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणून जेवणही आठवीपर्यंत. शिक्षणाची रेघ घेतली आणि तीच पोटावर ओढली.

शरीराची रेघ वेगळीकडे आहे. माणसाच्या पूर्ण उंचीतला साधारण पाचवा-सहावा हिस्सा याच वयात वाढतो. हाडांत चुना भरून घ्यायचे दिवस हेच. मुलींची पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात, दर महिन्याला रक्त जातं, आणि त्याच वेळी अंगात नवं रक्त तयार व्हायला हवं असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये रोजच्या गरजेचे आकडे नव्याने दिले. मी ते फळ्यावर लिहिते. प्रौढ पुरुषाला लोह १९ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीला २९. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला ३०. सोळा ते अठराच्या मुलीला ३२. त्याच वयाच्या मुलग्यांना आधी २२ आणि मग २६.

पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हंजे पप्पांपेक्षा मला जास्त लागतं?" वर्ग हसला. मुली मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने येऊन सांगितलं, "आईला वाचून दाखवलं मॅडम. आई म्हणाली, तुझ्या मॅडमना म्हणावं शेंगदाणं काय किलोनं झाल्यात ते बघा."

त्या आईचं उत्तर मला आजही पटतं. तीस मिलिग्रॅम लोह ताटात आणायचं म्हणजे काय, हे एकदा मांडून बघावं. बाजरीच्या दोन चांगल्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि भरपूर पालेभाजी एवढं सगळं एका वेळी खाल्लं तर साधारण पंधरा-सोळा मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. असं ताट दिवसातून दोनदा हवं. आमच्याकडे संध्याकाळी पातेल्यात जे कालवण असतं ते आधी पुरुषांच्या आणि लहान मुलांच्या ताटात जातं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वाढायच्या बाजूला असते. ती आईबरोबर शेवटी बसते, आणि तेव्हा उरलेलं असतं ते चटणी-भाकरी आणि कालवणाचा रस्सा. तिला कोणी उपाशी ठेवत नाही. तिच्यावर कोणाचा राग नाही. घरात सगळ्यांत जास्त लोह लागणाऱ्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांत कमी लोह येतं, आणि ते वाढणाऱ्या हातांतले दोन हात तिचे स्वतःचे असतात.

याचा परिणाम आकड्यांत दिसतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ५४ टक्के होता. त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या सगळ्या वर्षांत साप्ताहिक गोळ्यांची योजना चालू होती. याच पाहणीत त्या वयाच्या मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांमध्ये रक्तक्षय निघाला, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. मला या आकड्यांचं जेवढं दुःख होतं, त्याहून जास्त राग एका गोष्टीचा येतो. असा आकडा आला की त्याखाली ठरलेलं वाक्य छापलं जातं: मुलींमध्ये आहारविषयक अज्ञान आहे. ती कंपासपेटी मला अशा वेळी डोळ्यांसमोर दिसते.

हे लिहिताना मी ज्ञानाच्या विरोधात बोलते आहे असं कोणी समजू नये. मी शिक्षिका आहे, ज्ञानावरच माझं पोट आहे. पण जे ज्ञान आम्ही देतो तेही बरंचसं यादीच्या स्वरूपात देतो, आणि यादीने पोट भरत नाही. मुलांना गूळ, खजूर, बीट, डाळिंब ही नावं पाठ असतात. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून ते रक्त वाढवतं, ही समजूत तर आमच्या शिक्षक-खोलीतही पक्की आहे. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा आहेत, फळ म्हणून ते चांगलंच आहे, पण त्यात लोह फारच थोडं असतं. शंभर ग्रॅम बीटातही मिलिग्रॅमभर लोह नसतं. गूळ आपण खाऊन खाऊन किती खाणार? दोन-अडीच तोळे गुळात मिलिग्रॅमभर लोह मिळालं तरी पुष्कळ. ज्या बाजरीला आणि हुलग्याला आमची पोरं 'म्हाताऱ्यांचं खाणं' म्हणतात त्यांत याहून कितीतरी जास्त आहे.

आणि यादीत नसलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे चहा. वनस्पतींतलं लोह मुळातच अंगी थोडं लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे ते आणखी कमी लागतं. उलट लिंबू, पेरू, आवळा, कच्चा कोबी, कैरी असं काही त्याच घासाबरोबर पोटात गेलं तर जास्त लागतं. आता आमच्या मुलींची न्याहारी बघा. चहात बुडवलेली चपाती. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत सकाळ अशीच होते, माझ्या घरीही व्हायची. चपातीत जे काही लोह आहे त्यातलं बरंचसं चहामुळे अंगी लागत नाही, हे मी पंधरा वर्षं शिकवलं नाही कारण ते पुस्तकातल्या प्रश्नांत नव्हतं. हल्ली मी वर्गात एकच सांगते: चहा प्यायचा तर खाण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर, आणि भाकरीवर लिंबू पिळा. या एका वाक्याला पैसे लागत नाहीत. ज्ञान असं असलं तर मुली ते घरी नेतात. दोघीतिघींनी नेलंही. पण लिंबू पिळायला आधी भाकरी आणि उसळ समोर असावी लागते, तिथे पुन्हा येऊन गाडी थांबते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. थंड पेयात किती चमचे साखर असते वगैरे त्यावर लिहायचं. चांगली गोष्ट आहे. शहरातल्या मुलांना त्याचा उपयोग होईल, कारण त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा आहे. २०१६ ते २०१८ मधल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात सुमारे दहा टक्के किशोरवयीनांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. माझी पुण्याची भाची दहावीत आहे. शाळा, क्लास, पुन्हा क्लास, मध्ये वडापाव, आणि वजन वाढलं म्हणून रात्रीचं जेवण बंद. तिच्या वयाची मुलगी वडापावच्या पिठावर आणि रात्रीच्या उपासावर दिवस काढते, याचीही मला काळजी वाटते. तरी तिच्या घरात फ्रीज आहे, त्यात अंडी आहेत, आणि ती खायची की नाही हे ती ठरवते. माझ्या नववीतल्या मुलीला हे ठरवायची वेळच येत नाही.

शाळेच्या फाटकाचंही सांगते. पूर्वी आमच्या फाटकाबाहेर एक आजी पाटी घेऊन बसायच्या. हिवाळ्यात बोरं, पुढे चिंचा, कैऱ्या, पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून, उकडलेल्या शेंगा. त्या गेल्या. आता तिथे एक टपरी आहे आणि तिच्या वरच्या पट्टीपासून पाच-पाच रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा खाली लोंबतात. मधल्या सुट्टीत नववी-दहावीची मुलं तिथे असतात. खिशात पाचाचं नाणं असतं, आणि पाच रुपयांत तोंडाला चव आणि पोट भरल्याचा भास दोन्ही मिळतं. जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात ठेवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने मे २०१७ मध्ये काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई आहे. ही टपरी फाटकापासून वीस पावलांवर आहे. ती चालवणारी बाई विधवा आहे, तिचीही मुलगी आमच्याकडेच शिकते, आणि मी तिच्यावर तक्रार करणार नाही. आतल्या मुलांना दुपारी जेवण मिळालं तर त्या माळांपुढची गर्दी आपोआप निम्मी होईल. पाचवी ते आठवीची मुलं मधल्या सुट्टीत टपरीवर फारशी नसतात, हे मी रोज बघते. ती पंगतीत बसलेली असतात.

मुलग्यांचा विषय कायम मागे पडतो म्हणून थोडं त्याबद्दल. आमच्या भागातल्या निम्म्या मुलांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. नववी-दहावीची पोरं मोठ्या भावांबरोबर पहाटे सोळाशे मीटर धावायला जातात. धावून आली की चहा. मग शाळा. त्यांतल्या एकाने गेल्या उन्हाळ्यात मजुरीचे पैसे साठवून प्रथिनांच्या पावडरचा डबा आणला. मला दाखवायला वर्गात घेऊन आला, कारण त्यावरचं इंग्रजी त्याला कळत नव्हतं. आम्ही दोघांनी बसून त्या डब्यातलं एक ग्रॅम प्रथिन कितीला पडतं ते काढलं, मग अंड्याचं काढलं, मग हरभऱ्याचं आणि शेंगदाण्याचं. हरभरा फार पुढे निघाला. तो मुलगा आता रात्री मूठभर हरभरे भिजत घालतो. हेही ज्ञानच आहे, आणि ते उपयोगी पडलं कारण त्याच्या हातात खर्च करायला स्वतःचे पैसे होते. मुलींच्या हातात मजुरीचे पैसे क्वचितच राहतात.

आता मागणी स्पष्टच मांडते. शाळेतलं शिजवलेलं जेवण दहावीपर्यंत न्यायला हवं. ही काही हवेतली कल्पना नाही. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये पोषक आहार योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि दोनच वर्षांत ती मोठ्या मुलांपर्यंत नेली. आज तिथे दहावीपर्यंत जेवण मिळतं. शेजारच्या कर्नाटकात नववी-दहावीच्या मुलांना शाळेत जेवण आहे, शिवाय अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. आमच्या गावापासून कर्नाटकची हद्द एसटीने काही तासांवर आहे.

खर्चाचं म्हणाल तर सहावी ते आठवीच्या एका ताटासाठी धान्य सोडून बाकी साहित्याचा दर १ मे २०२५ पासून १० रुपये १७ पैसे आहे. वर्षात दोनशे दिवस जेवण धरलं तर एका मुलाचे २,०३४ रुपये होतात. त्यावर दीडशे ग्रॅम तांदूळ. त्या ताटातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. चूल आहे, पातेलं आहे, खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या मावशी आहेत, हिशेबाचं ॲप आहे. आमच्यासारख्या शाळेत त्याच पातेल्यात आणखी दहा-बारा किलो तांदूळ टाकायचा आहे. दोन हजार रुपये ही रक्कम राज्याला जड आहे असं कोणी म्हणणार असेल, तर अठराव्या-विसाव्या वर्षी रक्तक्षयासह बाळंत होणाऱ्या मुलीच्या रक्ताच्या पिशवीची, तिच्या कमी वजनाच्या बाळाच्या काचपेटीतल्या दिवसांची किंमतही त्याने मांडावी. याच महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलेलं आहे. नववी-दहावीची दोन वर्षं ही त्यांच्यापर्यंत शाळेच्या पातेल्यातून पोचायची शेवटची दोन वर्षं असतात.

चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी अंगणवाडीमार्फत पूरक आहाराची तरतूद आहे, पण ती ईशान्येकडची राज्यं आणि आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेले जिल्हे, एवढ्यांपुरती. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव. त्या मुलींना ते मिळायलाच हवं. पण आमच्या मुलींच्या अंगातलं रक्त जिल्ह्याची हद्द बघून कमी-जास्त होत नाही, आणि मुलगे त्यात कुठेच नाहीत.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, एवढ्या वयाच्या मुलांना जेवू घालणं ही आईबापांची जबाबदारी आहे. आहे. पण आठवीच्या मुलाचे आईबाप आणि नववीच्या मुलाचे आईबाप तेच असतात, त्यांची मजुरी जूनमध्ये वाढत नाही. दुसरा आक्षेप असा की मोठी मुलं पंगतीत बसायला लाजतील, ताटं घेऊन रांगेत उभी राहणार नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन जाईन. त्या कंपासपेटीच्या प्रकरणानंतर दोन-तीन दिवसांनी मी मधल्या सुट्टीत सहज मागे गेले. तिचा सातवीतला भाऊ डब्याच्या झाकणात खिचडी घेऊन आला होता. स्वतःच्या ताटातली काढून. झाकण उथळ, त्यामुळे ते दोन्ही हातांनी सपाट धरून तो हळूहळू चालत होता. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने चार घास खाल्ले, उरलेले त्याला खायला लावले, झाकण नळाखाली धुतलं आणि दोघं आपापल्या वर्गात गेली. मी पुढे झाले नाही. खिचडी आठवीपर्यंतच्या हजेरीवर मोजून शिजते, त्यामुळे नियमाने बोलायचं तर तो चोरीच करत होता. मावशींना हे माहीत होतं. त्या त्याच्या ताटात एक डाव जास्त टाकत होत्या.

आम्ही मग एक प्रयत्न केला. सप्टेंबरच्या शेवटापासून, निदान सोमवारी तरी नववी-दहावीच्या त्र्याऐंशी मुलांना जेवू घालून मगच गोळी द्यायची. शिक्षकांनी वर्गणी काढली, एका पालकांनी पोतंभर हुलगे दिले, एकांनी शेंगदाणे, भाजीवाल्याने बाजार उठताना उरलेला पाला. मावशींनी जादा पैसे मागितले नाहीत. हुलग्याची उसळ, भात आणि पानात लिंबाची फोड. पहिल्या सोमवारी दहावीचे मुलगे खरंच लाजले, दाराशी घुटमळले. दुसऱ्या सोमवारी मुलींच्या आधी रांगेत होते. गोळी घेतल्यावर कोणी उलटी केली नाही. मी मुद्दाम कंपासपेट्या उघडून बघायला सांगायचे, नंतर नंतर मुलीच हसत उघडून दाखवायच्या.

सात सोमवार चाललं. मग कोयते बाहेर पडले, बरीच घरं ऊसतोडीला गेली, देणारे हातच गावात राहिले नाहीत. जे राहिले ते ज्यांच्याकडे स्वतःलाच पुरत नाही असे. आमची वर्गणी दोन आठवडे ताणली आणि संपली. नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या शालेय आहारात आठवड्याला एक अंडं आलं होतं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा तो वेगळा निधी थांबला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा असं शाळांना सांगण्यात आलं. लोकसहभाग म्हणजे काय असतं ते आम्ही सात सोमवार पाहिलं आहे. गावात पाऊस झाला, कांद्याला भाव मिळाला, लोक घरी असले तर तो असतो. मुलांना सर्वांत जास्त गरज पडते त्या महिन्यांत तो नसतो. वाढत्या पोरांचं रक्त त्यावर सोडता येत नाही.

शिकवण्यातही बदल हवा, आणि तो मी माझ्यापुरता केला आहे. संतुलित आहाराचा तक्ता काढा, हा प्रकल्प मी बंद केला. त्याऐवजी मुलांनी, मुलग्यांनीसुद्धा, आठवडाभर घरात कोणाच्या ताटात काय वाढलं गेलं ते रोज रात्री लिहून आणायचं. नाव घालायचं नाही. पहिल्या खेपेला तेहतीस वह्या आल्या. एका मुलग्याने शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'ताई रोज मला वाढते. तिने काय खाल्लं ते मला लिहिता आलं नाही, कारण ती जेवते तेव्हा मी झोपलेलो असतो.'

कंपासपेटीवाली मुलगी आता दहावीत आहे. सोमवारी गोळी घेते की नाही, मी आता विचारत नाही. तिचा भाऊ आठवीत गेला, झाकण त्याच्याकडेच असतं. पुढच्या जूनमध्ये ती शाळेतून बाहेर पडलेली असेल आणि तो नववीत येईल.